गांजाची तलफ रक्तातच असते का?

पिंपळपार: धाकट्या भावाने गांजा सोडून आज ९ दिवस झाले. तिसऱ्या रात्री गंजी घामाने चिंब, ताटातली भाकरी तशीच, काही विचारलं की अंगावर यायचा. त्याच्यासोबत ओढणारा मित्र मात्र एका दुपारी सोडून मोकळा झाला. आमचे वडीलही ओढायचे. माझं मत, हे रक्तातलंच आहे, पोराला बोल लावू नये.

कातळ: "बापाचं पोरात उतरलं" ही जुनी पळवाट आहे. बाप ओढायचा म्हणजे चिलीम घरातच होती, माल कुठे मिळतो तेही पोराला ठाऊक. घराचं वळण कुठलं आणि जनुकं कुठली, कसं ठरवणार?

दशमूळ: जुळ्यांवरून ठरवतात. घर दोघांचं एकच. मग एकबीज जुळ्यांत (जनुकं सारखीच) व्यसनाचं साम्य द्विबीज जुळ्यांपेक्षा (जनुकं साध्या भावंडांइतकीच सारखी) किती जास्त, ते बघायचं. गांजाच्या व्यसनात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा जनुकांचा निघतो.
आपलं शरीर स्वतःच गांजासारखं एक द्रव्य बनवतं, आनंदामाइड. १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये सापडलं, नाव आपल्या 'आनंद'वरून. 'फाह' नावाचं एन्झाइम ते मोडतं. २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात रोज ओढणाऱ्या तरुणांना पाच दिवस लांब ठेवलं, तेव्हा सोडल्यावरची तलफ या फाहच्या जनुकाप्रमाणे कमीजास्त निघाली.

कातळ: पोरं किती होती?

दशमूळ: शंभराच्या आसपास. म्हणून त्यावर इमले बांधत नाही. पुढे २०१९ मध्ये डेन्मार्कच्या मोठ्या अभ्यासात वेगळंच जनुक पुढे आलं, निकोटिनच्या ग्राहीचं, म्हणजे पेशीवर निकोटिन जिथे चिकटतं त्या जागेचं. आणि असे अभ्यास बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांवरचे.

कातळ: मग झालंच की! निम्मा फरक म्हणजे याच्या भावाचं निम्मं व्यसन बापाकडून आलं, असं नव्हे ना?

दशमूळ: नव्हेच. तो हिशेब लोकसंख्येचा, एका माणसाचा नाही.

सायलीची आई: मी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात नर्स होते. चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं हा सोडल्यावरचा खराच त्रास आहे, नाटक नाही. पहिला आठवडा सगळ्यात वाईट. जनुकं कुठलीही असोत, रात्री सोबत कोणीतरी लागतं.

कातळ: सोबत करा ना! पण "रक्तातच आहे" हे त्याच्या कानावर घालू नका. त्याला ऐकू येईल, "तुझ्याने होणार नाही."

पिंपळपार: मी परवाच घातलं. उलट म्हणाला, "म्हणजे मी एकटाच नेभळट नाही तर." काल दीड भाकरी खाल्ली. स्वप्नं मात्र अजून भलतीसलती पडतात म्हणतो.