दुर्बीण गॅलिलिओने शोधली, हे कधी थांबणार?

चाळिशीवाला: परवा सोसायटीच्या क्विझमध्ये 'दुर्बिणीचा शोध कोणाचा?' याचं उत्तर 'गॅलिलिओ' धरलं आणि माझं टाळकं सटकलं. नेदरलँड्समधल्या मिडलबर्गचा चष्मेवाला हान्स लिपरशे याने १६०८ सालीच हेगच्या सरकारकडे पेटंट मागितलं होतं. गॅलिलिओच्या कानावर पुढच्या वर्षी नुसती बातमी आली. आयत्या बिळावर नागोबा!

भिंगरी: पेटंट मिळालं नाही, ते सोयीस्कर विसरलात. त्याच महिन्यात याकोब मेतियस नावाचा दुसरा डच माणूसही तसाच अर्ज घेऊन हजर झाला. सरकार म्हणालं, ही युक्ती बऱ्याच जणांना ठाऊक दिसते. मग 'पहिला' तरी कोण? गॅलिलिओने भिंगं स्वतः घासून तिप्पट दाखवणारं नळकांडं वर्षाच्या आत वीसपटीवर नेलं आणि जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चंद्र पाहिले. माझं मत त्यालाच.

चाळिशीवाला: थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाने १६०९ च्या उन्हाळ्यात, म्हणजे गॅलिलिओच्या आधी, दुर्बिणीतून चंद्राचं चित्र काढलं होतं.

भिंगरी: पाहिलंय ते चित्र? उजेड-अंधाराची एक वाकडी रेघ आणि थोडे डाग. गॅलिलिओने उजेड-सावलीवरून चंद्रावरच्या डोंगरांची उंची काढली हो!

उलटा चंद्र: आणि जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लर? गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याकडे अंतर्वक्र (मधे पातळ) भिंग. चित्र सुलट, पण वीसपटीला अख्खा चंद्र मावत नाही. केप्लरने १६११ मध्ये तिथे बहिर्वक्र (मधे जाड) भिंग सुचवलं. चित्र उलटं होतं, पण दिसतं ऐसपैस. ताऱ्यांना काय उलट नि काय सुलट!

मी तशी घरी केली. चष्म्याच्या दुकानातून +१ नंबरची काच आणली, तिचं नाभीय अंतर, म्हणजे दूरचा प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतचं, १०० सेंमी. डोळ्याकडे ५ सेंमीचं भिंग. शंभर भागिले पाच, वीसपट. दोन्ही पीव्हीसी पाइपात १०५ सेंमीवर बसवली. पहिल्या रात्री चंद्राला जांभळी किनार दिसली, कारण काच लाल आणि निळा प्रकाश एका जागी आणत नाही. मधे भोक पाडलेला पुठ्ठा काचेवर लावला तेव्हा बरीच सुधारली. गॅलिलिओही भिंगाच्या कडा असाच झाकायचा.

भिंगरी: म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे!

चाळिशीवाला: केप्लरचं सगळं कागदावरच होतं, ते राहू द्या. माझी जुनी चाळिशी +२ ची पडून आहे. चालेल का?

उलटा चंद्र: चालेल की. तिचं नाभीय अंतर ५० सेंमी, डोळ्याकडे तेच ५ सेंमीचं भिंग, म्हणजे दहापट. गुरूचे चंद्र दिसायला तेवढं पुरतं, फक्त पाइप गच्चीच्या कठड्याला टेकवा.