प्रतिसाद: फुंकर आणि वर्ल्ड -१

वर व्हिडिओ गेमची कॅसेट फुंकर मारून चालते का यावर चर्चा चाललीय म्हणून लिहितो, आमच्या सोलापुरात पोरं हे डोळे झाकून मानायची. गड्ड्याच्या जत्रेतनं आणलेली पिवळी कॅसेट, तोंडाजवळ धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकर, मग बनियननं पुसायची. खरं तर काढून परत बसवली की पिना नीट टेकायच्या म्हणून चालायची, फुंकरीच्या ओलाव्यानं उलट पिना खराब होतात.

पण मारिओ गेममध्ये एक लपलेलं वर्ल्ड आहे ही अफवा खरी निघाली की ओ! १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये १-२ च्या (पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या टप्प्याच्या) शेवटी पाइपाजवळच्या भिंतीतनं घुसायला जमलं तर वर्ल्ड -१ (उणे एक) लागतो, नुसतं पाणी, शेवटच्या पाइपात शिरलं की परत पहिल्यापासनं. ही अफवा सांगणाऱ्या नव्या पेठेतल्या दोस्ताला मी तेव्हा खोटारडा म्हणालो होतो, लई वाईट वाटतं आता.