परदेशात शिकताना रोजे, नमाज, ईद: तुमचे अनुभव

खाडीकाठ:
पुतण्या यंदा जर्मनीत एमएसला गेलाय. फेब्रुवारीत पहिल्या रोज्याला फोनवर म्हणाला, "चाचा, इथे साडेपाचला सुटतो, काहीच वाटत नाही." मला माझा २०१६चा जून आठवला. ड्रेस्डेनला पीएचडी करत होतो. पहाटे तीनच्या आत सहरी उरकायची, इफ्तार रात्री सव्वानऊनंतर. गावी, कोकणातल्या खेडला मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजची अजान व्हायची तेव्हा माझ्याकडे दुपारचे पावणेचार. अम्मी खजूर तोंडात टाकून फोन करायची, "तुझा अजून किती वेळ?" मी विषय बदलायचो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, म्हणून पोरगा थंडीत सुटला.

आणखी एक आठवतंय. आपण कोकणी शाफई पंथाचे, मगरीबला इमामामागे आमीन मोठ्याने म्हणायची सवय. तुर्की मशिदीत सगळे हनफी पंथाचे, ते मनात म्हणतात. पहिल्या दिवशी अख्ख्या रांगेत माझा एकट्याचा आवाज. सलाम फिरवून नमाज संपल्यावर शेजारच्या आजोबांनी माझा हात दाबला आणि आपल्या ताटातली पिदे अर्धी तोडून मला दिली. रमजानातली ती तीळ लावलेली जाड रोटी, गरम असली की नुसती खावी. पुढे कळलं, इंडोनेशियाची मुलंही शाफई. मग आम्ही एकत्र उभे राहायला लागलो, आमीनला आवाज वाढला.

तुमचं सांगा. मुसलमान नसाल तरी रूममेट, लॅबमेट कुणी असेलच.

उकडा तांदूळ:
मी शाकाहारी, रूममेट भिवंडीची. दुकानात दोघी चघळायच्या गोळ्यांच्या पाकिटामागचं लेबल वाचत उभ्या. जिलेटिन डुकराचं, तिला चालत नाही. हलाल दुकानात गाईचं जिलेटिन घातलेल्या गोळ्या मिळाल्या, त्या मला नाहीत. शेवटी पेक्टिनच्या, म्हणजे फळांपासूनच्या घट्टपणाच्या सापडल्या, आनंदाने दोन पाकिटं तिथेच संपवली. रमजानात ती सहरीला उठली की मलाही जाग यायची, मी चहा टाकायचे. माझ्या परीक्षा होत्या, अभ्यास त्याच वेळात झाला. तिची खूप आठवण येते.
बाय द वे, तुर्की दुकानात मसूर ढिगाने, तूरडाळ नाही. लाइपझिगच्या आसपास कुठे मिळते?

सोलापूरकर:
शिकागो. लहानपणापासून किबला, म्हणजे नमाजला तोंड करायची मक्केची दिशा, पश्चिम. इथे आल्यावर मोबाइलने ईशान्य दाखवली, मला वाटलं अ‍ॅप बिघडलं. पृथ्वी गोल आहे, मक्केचा जवळचा रस्ता उत्तरेकडून वळून जातो. अब्बांना सांगितलं तर त्यांनी नातवाचा पृथ्वीगोल काढला, दोरा लावून बघितला, मगच पटलं.
डिसेंबरात मात्र दिवस लहान, धांदल होते. जोहर, असर, मगरीब, दुपार ते सूर्यास्ताच्या तिन्ही नमाज दिवसाच्या कामातच. जिन्याखालचा कोपरा ठरलेला. एकदा सफाईवाल्या बाईंनी तिथे पुठ्ठा अंथरून ठेवलेला, न सांगता. बोलणं कधी झालं नव्हतं आमचं.
सरांना ईदची तारीख आधी हवी असते. चंद्र दिसल्यावर कळेल, असं दरवर्षी सांगते. हल्ली तेच आधी दोन्ही दिवस मोकळे ठेवतात.

लालमाती:
थोडं वेगळं लिहिते. लंडन. गणपतीच्या कार्यक्रमाला गेले, नाव सांगितलं की लगेच, "अय्या, मराठी किती छान बोलतेस!" मिरजेची आहे मी. आज्जी जात्यावर ओव्या म्हणायची. कौतुक मनापासून असतं हे कळतं, तरी दरवेळी टोचतं. दुसरीकडे विद्यापीठातल्या मुस्लिम मुलींना प्रश्न, घरी उर्दू कशी नाही?
आणि जगात कुठे काही घडलं की दुसऱ्या दिवशी कॉफीच्या रांगेत, "तुला काय वाटतं?" मी मातीतल्या क्षारांवर काम करते. मतं मला भरपूर आहेत, पण ती मैत्रिणीशी भांडत मांडायची असतात. कोर्टात साक्षीला उभं केल्यासारखं नाही सांगता येत. माझ्यासोबतच्या कुणाला असं विचारत नाहीत, मग मलाच का?

वाशिष्ठी:
लालमाती, अगदी अगदी. मीही आता सरळ म्हणतो, आज नको.
माझा अनुभव चिपळूणचा. २०२१ची बकरी ईद तिकडे २१ जुलैला. व्हिडिओ कॉलवर सगळे नवे कपडे घालून. २२ला पूर आला आणि फोन लागेना. तळमजल्याचं घर. लॅबमधला लाहोरचा मुलगा आणि एक पोलिश मुलगी माझ्याजवळ बसून राहिले, तो नंबर लावत होता, ती बातम्या शोधत होती. दुसऱ्या दिवशी कळलं, वरच्या काकूंनी अम्मी-अब्बांना वर घेतलं होतं. काकू पक्क्या शाकाहारी, त्यांच्याच ताटात दोघं जेवले. घरातलं सगळं गेलं, पण अम्मीला लागलं ते एकच, फ्रीजमधला कुर्बानीच्या मटणातला गरिबांचा वाटा वाटायचा राहिला. अजून बोलते.

उकडा तांदूळ:
वाशिष्ठी, वाचून रडू आलं. अम्मी बऱ्या आहेत ना आता?

वाशिष्ठी:
हो ताई, आता वरच्या मजल्यावर घर घेतलंय. काकूंच्या शेजारीच.

खाडीकाठ:
अल्लाह सलामत ठेवो. आमच्या खेडलाही जगबुडीचं पाणी बाजारात शिरतं, ती धास्ती ठाऊक आहे.
लालमाती, माझ्या बहिणीलाही हेच ऐकावं लागतं. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.
उकडा तांदूळ, तूरडाळीसाठी भारतीय किंवा श्रीलंकन दुकान बघा, तुर्की दुकानात शोधू नका. आता माझा प्रश्न. पुतण्याला शिरखुर्मा करायचाय, खारीक, शेवया मिळाल्या, चारोळी नाही. पार्सलने पाठवू का?

सोलापूरकर:
पाठवा, पण थोडीच. चारोळी लवकर खवट होते, फ्रीजरमध्ये ठेवायला सांगा. खारीक आदल्या रात्री दुधात भिजवायची. आणि शेवया तुपात मंद आचेवर, हॉस्टेलची शेगडी फार तापते.