गणिताचा ख्रिस्ती अभ्यासक्रम: घरी शिकवण्यासाठी कोणता घ्यावा?

दोघांची_आई
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मुलगी आठ वर्षांची, मुलगा सहाचा. या वर्षापासून दोघांनाही घरीच शिकवते आहे. भाषा, विज्ञान, पवित्र शास्त्र यांची घडी बसली आहे, पण गणिताचं काही ठरत नाही. अबेका, बीजेयू प्रेस, मॅथ-यू-सी, सॅक्सन, रॉड अँड स्टाफ, जो तो वेगळं नाव सांगतो.

मुलीचे पाढे चांगले आहेत. पण 403 मधून 167 वजा करायचे म्हटलं की शून्यापाशी अडते आणि डोळ्यांत पाणी येतं. मुलाला हातात काहीतरी दिल्याशिवाय तो बसतच नाही. यांचं म्हणणं, गणित सगळ्यांना सारखंच, मग ख्रिस्ती पुस्तकाचा हट्ट कशाला? मला मात्र देवाचं नाव सकाळच्या प्रार्थनेपुरतंच राहावं असं वाटत नाही. अनुभवी मंडळींनी सांगावं.

सकाळची_शाळा
ताई, आमच्याकडे अबेका आहे. रंगीत पानं, रोज थोडं नवं आणि मागच्याची भरपूर उजळणी. माझ्या मुलाला असा सराव मानवतो. पण ज्या मुलाला एका गोष्टीपाशी थांबून ती नीट समजून घ्यायची असते, त्याला याचा वेग जास्त वाटू शकतो. तुमच्या मुलीचं वर्णन वाचून मी तिच्यासाठी लगेच हेच सुचवणार नाही.

खडू_फळा
ताई, मी बरीच वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि आता नातवंडांना घरी शिकवतो. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. मूल गणित कसं शिकतं, हा एक. त्यात विश्वासाची जागा कोणती, हा दुसरा. पुस्तक पहिल्या प्रश्नावरून निवडा. दुसऱ्याचं उत्तर बरंचसं तुम्हीच द्यायचं आहे.

पुस्तकांच्या मांडणीचे ढोबळ दोन प्रकार. एकात प्रत्येक विषय थोडा थोडा पुन्हा पुन्हा येतो. अबेका आणि सॅक्सन या बाजूचे. सॅक्सनच्या रोजच्या सरावात मागच्या कितीतरी धड्यांची उदाहरणं मिसळलेली असतात. आशय मात्र धर्माच्या बाबतीत तटस्थ आहे, तरी अनेक ख्रिस्ती घरांत ते चालतं. दुसऱ्या प्रकारात एक विषय पक्का झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मॅथ-यू-सी तसं आहे: गॅमा पातळीवर गुणाकार, डेल्टावर भागाकार, एप्सिलॉनवर अपूर्णांक, आणि सोबत हाताळायला ठोकळे. तुमच्या मुलाला ते आवडतील, पण मला वाटतं त्यांची जास्त गरज मुलीला आहे.

तिला वजाबाकी येत नाही असं मला वाटत नाही. तिला स्थानिक किंमत दिसलेली नाही. 403 म्हणजे चार शतकं, दशक एकही नाही, तीन एकक. हे ठोकळ्यांनी मांडा. एक शतक मोडून दहा दशकं करा, त्यातलं एक दशक मोडून दहा एकक. आता समोर तीन शतकं, नऊ दशकं, तेरा एकक आहेत. 13 मधून 7 गेले 6, 9 मधून 6 गेले 3, 3 मधून 1 गेला 2. उत्तर 236. शून्याकडे हातचा मागायला गेलो आणि त्याच्याकडे काहीच नव्हतं, म्हणून शेजारच्या शतकाकडे गेलो, हे तिला स्वतःच्या बोटांनी करू द्या. कागदावर लिहिण्याची घाई करू नका. ठोकळे नसतील तर काड्यांच्या जुड्या बांधा. हे जमलं की कुठलंही पुस्तक तिला सोपं जाईल. आणि पातळी वयावरून ठरवू नका. बहुतेक प्रकाशक पातळी ठरवायची चाचणी देतात, ती आधी सोडवून घ्या.

आता विश्वासाचं. सफरचंदांऐवजी नोहाच्या तारवातले प्राणी मोजले म्हणून गणित ख्रिस्ती होत नाही. तुमच्या यजमानांचं इतकं खरं की सात आठे छप्पन्न सर्वांना सारखेच. पण ते काल होते, आज आहेत, उद्याही असतील, या भरवशाला आपण निर्माणकर्त्याचं विश्वासूपण म्हणतो. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने ग्रहगतीचा तिसरा नियम 1619 मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच ग्रंथात देवाची स्तुतीही केली. त्याला ती दोन कामं वेगळी वाटली नाहीत.

शास्त्रात तर उदाहरणं तयार आहेत. गणना 1 मधल्या बारा वंशांचे आकडे मुलांना बेरजेला द्या, 603550 येतात की नाही ते पाहू द्या. मग निर्गम 38:25-26 उघडा. तेवढ्याच पुरुषांनी प्रत्येकी अर्धा शेकेल (चांदी तोलायचं जुनं वजन) दिला, म्हणजे एकूण 301775 शेकेल. वचनात ते 100 किक्कार (त्याहून मोठं वजन) आणि 1775 शेकेल असे लिहिलेत. मग एका किक्काराचे शेकेल किती? 300000 भागिले 100, म्हणजे 3000. मुलं हे स्वतः शोधून काढतात तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. मोठी झाल्यावर 1 राजे 7:23 चा गंगाळसागर, म्हणजे शलमोनाच्या मंदिरातलं मोठं गोल पाण्याचं पात्र, घ्या: काठापासून काठापर्यंत 10 हात, घेर 30 हात. 10 ला 3.14 ने गुणलं तर 31.4 येतात. मग 30 का? ढोबळ आकडा, की व्यास बाहेरून आणि घेर आतून मोजला? काठाची जाडी तीन वचनं पुढे दिली आहे. यावर मुलांना मनसोक्त बोलू द्या, प्रश्नाला घाबरू नका.

आणि लेवीय 19:36, खरी तागडी, खरी वजनं. उत्तर चुकलं तर खोडून लपवायचं नाही, शेजारी पुन्हा सोडवायचं. माझ्या दृष्टीने गणिताच्या वहीतली भक्ती ही आहे.

शांत_वही
सरांच्या म्हणण्यात एक भर. यातली बहुतेक पुस्तकं अमेरिकी आहेत. इंच, पौंड, गॅलन, सेंट पानोपानी येतात. रॉड अँड स्टाफ मेनोनाइट लोकांचं (साधं राहणारा एक ख्रिस्ती पंथ), साधी छपाई, उदाहरणं शेतीवाडीतली. मला त्याचा शांतपणा फार आवडतो, पण मापांचे धडे मी मीटर आणि किलोमध्ये स्वतः लिहून देते. आणि शिक्षक-मार्गदर्शिका आधी वाचून पाहा. रोज ती तुम्हालाच हातात धरायची आहे. बीजेयूची सविस्तर असते, तयारीला वेळ लागतो. दोन मुलं सांभाळून तेवढा वेळ मिळेल का, हे मनाशी ठरवा.

दोघांची_आई
सर, आज काड्यांच्या जुड्या बांधल्या. तिने 403 स्वतः मोडले, मग 500 मधून 238 मागून घेतले आणि 262 बरोबर काढले. यांनी निर्गम 38 चा हिशेब जेवताना सोडवला, मुलापेक्षा तेच जास्त रमले होते. पातळीची चाचणी उद्या घेते. एक विचारायचं राहिलं: चाचणीत ती वयापेक्षा खालच्या पातळीवर आली तर तिथूनच सुरू करू?

खडू_फळा
तिथूनच करा. जे येतं त्यावरून ती भराभर पुढे जाईल, जे अडेल तिथे थांबा. पुस्तकावरचा पातळीचा आकडा तिला दिसणार नाही असं कव्हर घाला.