रात्रीत नियम बदलतात, एफपीसी चालवायची कशी?

चाळीतला_कांदा:
नमस्कार मंडळी. चांदवडकडे छोटी एफपीसी (शेतकरी उत्पादक कंपनी) आहे आमची, तीनेकशे सभासद, मी मॅनेजर म्हणजे गोण्या मोजण्यापासून जीएसटीपर्यंत सगळं मीच 😅 कांद्याचं काय झालं ते माहितीच आहे, ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात ड्युटी, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य, ८ डिसेंबरला सरळ निर्यातबंदी. ती उठली ४ मे २०२४ ला, तेव्हाही ५५० डॉलर आणि ४० टक्के होतेच, ड्युटी पूर्ण गेली १ एप्रिल २०२५ ला. बंदी आली तेव्हा आमचा माल भरून तयार होता. डायरेक्टर पाच, मतं सात. एक म्हणे थांबा, उठेल, दुसरा म्हणे मिळेल त्या भावात काढा. थांबलो. लाल कांदा तो, थांबतो होय? निम्म्याला मोड आले. आता पुढचं काहीच कळत नसेल तर प्लॅनिंग करायचं तरी कशाचं?

भट्टीवाला_शिरोली:
दादा, आमची फौंड्री आहे कोल्हापूरला, कांद्यातलं शून्य कळतं पण पुरातलं कळतं. २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांवर गेली, हायवे बंद, निम्मी पोरं गावात अडकलेली, आणि आम्ही ऑफिसात बसून पाणी अजून किती चढेल यावर वाद घालतोय!! तिथे इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. नंतर आम्ही तेच आकडे भिंतीवर लिहिले. ३९ झालं की पॅटर्न (साच्यांचे नमुने) वरच्या मजल्यावर आणि तयार कास्टिंग गाडीत, ४३ झालं की नवीन हीट (वितळवायचा घाणा) लावायची नाही, कारण लाईट गेली तर भट्टीतलं लोखंड भट्टीतच गोठतं. मालकाला फोन करायचा नाही, शिफ्टला जो सुपरवायझर असेल त्यानेच करायचं. २०२१ ला पाणी परत आलं, तेव्हा नुकसान झालं पण भांडण नाही झालं. पाऊस किती पडणार ते आम्हाला आजही कळत नाही.

चाळीतला_कांदा:
भारी आहे हे. पण आमचा बंधारा कुठला? लासलगावचा भाव धरू का?

जुना_अडत्या:
लासलगाव बघून उशीर होतो. दिल्लीत किरकोळ कांदा किती रुपये किलो गेला ते बघा आणि निवडणूक किती लांब आहे ते बघा, सरकार तिथून हलतं. माझा हिशोब साधा, उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, टिकतो म्हणून तीन भागात काढायचा, पहिला भाग खर्च सुटला की लगेच, मग भाव वाढो नाहीतर पडो. लाल कांद्यात हा खेळच नाही, आला की विकायचा. आणि भाऊ, दोन महिन्यांचे पगार न् बँकेचा हप्ता वेगळ्या खात्यात ठेवा, त्याला डायरेक्टरचा हात लागता कामा नये. पैसा नसला की माणूस घाईत चुकीचं विकतो. (भाव वाढला की चाळ कोण उघडत नाही, हे तेवढं चाळीस वर्षांत बदललं नाही.)

जुन्नरची_ताई:
सगळं बरोबर, पण सभासदांचं काय? आमच्याकडे बंदीच्या वेळी ऑफिस चार दिवस गप्प बसलं, काय सांगणार म्हणून. तोवर ग्रुपवर पसरलं की कंपनीने माल आधीच गुपचूप विकला. मग मी रोज संध्याकाळी सातला मेसेज टाकायला लागले, किती गोणी शिल्लक, किती सडली, आज कोणता भाव नाकारला आणि का. कधी कधी नुसतं "आज नवीन काही नाही". शिव्या आल्याच, पण पुढच्या सीझनला माल घेऊन आले लोक.

चाळीतला_कांदा:
काल मीटिंग झाली. किलोमागे भाव किती झाल्यावर किती माल काढायचा ते कागदावर घेतलं, पगाराचं खातंपण वेगळं काढतोय. चौघांनी सही केली. पाचवा म्हणतो, भाव चढला की बघू.