‘ॲथलेटिक ट्रेनर’ आणि ‘ड्राय नीडलिंग’: मराठी संमतिपत्रात काय लिहावे?

प्रश्न: सोलापुरातील आमच्या शाळेच्या कबड्डी व खो-खो संघांसाठी पालकांचे संमतिपत्र मराठीत करायचे आहे. इंग्रजी नमुन्यात ॲथलेटिक ट्रेनरने ड्राय नीडलिंग करण्यास संमती मागितली आहे. तेथे ‘प्रशिक्षकाकडून कोरडी सुई’ असे लिहावे काय? ट्रेनरला सुई टोचू द्यावीच का, असेही एका पालकांनी विचारले आहे.

उत्तर: ‘कोरडी सुई’ने अर्थबोध होत नाही. इंजेक्शनची सुई पोकळ असते आणि तिच्यातून औषध जाते. ही सुई बारीक व भरीव असून ताठरलेल्या स्नायूत, दाबताच कळ येणाऱ्या जागी, औषधाविना टोचतात. म्हणून ‘औषधाविना सुई टोचण्याचा उपचार (ड्राय नीडलिंग)’ असे लिहावे. त्या जागेला ‘गाठ’ म्हणू नये, कारण तो शब्द वाचून पालकांच्या मनात भलतीच शंका येईल. ‘दुखरा बिंदू’ बरा. ‘ॲक्युपंक्चर’ हाही पर्याय नव्हे. सुई तशीच असली तरी ती कोठे व का टोचायची याचा विचार वेगळा आहे, शिवाय ॲक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे.

खरा घोटाळा ‘ट्रेनर’ या शब्दात आहे. अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनर हा आरोग्यसेवेतील व्यवसाय असून त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० पासून आहे, आणि आता या व्यवसायात येण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण व प्रमाणन परीक्षा लागते. सुईची मुभा मात्र राज्यागणिक बदलते. वॉशिंग्टन राज्याच्या महाधिवक्त्यांनी तर २०१६ मध्ये हा उपचार फिजिओथेरपिस्टच्याही कार्यकक्षेत बसत नाही असे मत दिले होते. माझ्या मते तेथील ट्रेनरला सरसकट नकार देणे अन्यायाचे आहे. राज्याचा परवाना, सुईचे वेगळे प्रशिक्षण आणि डॉक्टरांची देखरेख असेल तर त्याला मुभा असावी. आपल्याकडे मात्र ट्रेनर म्हटले की जिममध्ये व्यायाम करून घेणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि त्याच्या हाती सुई देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रत्युत्तर (एक फिजिओथेरपिस्ट): शब्दांविषयी सहमत आहे, परंतु अमेरिकेतील ट्रेनरबाबत आपण जरा उदार झालात. मान आणि खांदा यांमधला स्नायू खेळाडूंचा नेहमी दुखतो, आणि त्याच्याच खाली फुफ्फुसाचे टोक असते. सुई चुकीच्या दिशेने खोल गेली तर छातीत हवा शिरून फुफ्फुस आकसते. असे क्वचितच घडते, पण घडते. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र येथे पुरेसे नाही, मग ते ट्रेनरचे असो वा आमच्यापैकी कोणाचे.

उत्तर: तो मुद्दा मान्य आहे, आणि म्हणूनच मसुद्यात पदनामापाशी थांबू नये. महाराष्ट्रात फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेचा कायदा २००२ चा आहे, तर संलग्न आरोग्य व्यवसायांचा केंद्रीय कायदा २०२१ चा. दोन्हींत फिजिओथेरपिस्टच्या नोंदणीची तरतूद आहे, तेव्हा ‘ट्रेनर’ काढून वाक्य असे करावे: ‘माझ्या पाल्यावर औषधाविना सुई टोचण्याचा उपचार (ड्राय नीडलिंग) केवळ या उपचाराचे प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टने, प्रत्येक वेळी मला आधी विचारून करावा.’ खाली उपचारकाच्या नोंदणी क्रमांकासाठी जागा सोडावी. ती कोरी असेल तर पालकांनी सही करू नये.