मिरजेत जुनी दहाचाकी घेऊन स्वतः चालवली तर परवडेल का?

कृष्णाकाठ_ड्रायव्हर
नमस्कार मंडळी, मी मिरजेचा, बरीच वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. मालक आता जुनी दहाचाकी (दहा चाकांचा ट्रक) विकायला काढणारेत, मलाच घे म्हणतायत, फायनान्सवाला पण तयार झालाय. गाडी माझ्या हातातली त्यामुळं इंजिनाची काळजी नाही, काळजी धंद्याची आहे. सीझनला मार्केट यार्डातून हळद, बेदाणा मिळतोय, कुपवाड एमआयडीसीतनं पण माल निघतो, पण नवी मुंबईत वाशीला गाडी खाली केली की परतीचं भाडं पडेल त्या रेटनं उचलावं लागतं नाहीतर दोन दोन दिवस गाडी नुसती उभी. हप्ता काय थांबत नाही. ज्यांची एकच गाडी आहे त्यांनी खरं सांगा, घेऊ का नको?

तासगाव_दहाचाकी
दादा, एका फेऱ्याचा हिशोब करू नका, महिन्याचा करा. वाशी जाऊन येऊन साडेसातशे किमी धरा, लिटरला चारचं ॲव्हरेज म्हणजे 185-190 लिटर, नव्वदचा भाव धरला तर सतरा हजाराचं डिझेल तिथंच गेलं. वर तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर आणि पुढं एक्स्प्रेसवे, दोन्ही बाजूचा टोल. एवढं करून महिन्यात किती दिवस गाडी नुसती उभी राहणार ते मांडा, फायदा तोटा सगळा त्यातच आहे.
आणि हमालीचं विसरू नका. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ म्हणून आपली लोकं किती वर्षं ओरडतायत, आंदोलनं झाली, तरी भरताना वाराई (हमालीचे पैसे) आणि उतरताना परत वाराई ड्रायव्हरच्याच खिशातनं जाते. हे मला अजिबात पटत नाही, माल आपला नाही, भाव आपण ठरवत नाही, मग पैसे आपण का द्यायचे?
पावसाळ्यात अजून एक बघा. गोडाऊनवाला पोचवर (माल मिळाल्याच्या पावतीवर) ‘दोन पोती ओली’ असा शेरा मारतो आणि तेवढ्यावर पार्टी, म्हणजे मालवाला, बॅलन्समधनं (उरलेल्या भाड्यातनं) पाहिजे तेवढं कापते. रस्सा सोडायच्या आधी ताडपत्रीचे चारी बाजूनं फोटो काढायचे, ताडपत्री त्याच्या माणसासमोरच उघडायची, वरच्या थराचा पण फोटो घ्यायचा. पोचवर सही करताना हे फोटो दाखवले की शेरा मारताना माणूस विचार करतो.

बुकिंग_ऑफिस_कुपवाड
ट्रान्सपोर्ट ऑफिसात बसतो म्हणून आमची पण बाजू सांगतो. पार्टी आम्हाला महिना दीड महिन्यानं पैसे देते, त्यामुळं पोच आली तरी बॅलन्स लगेच सुटत नाही, हे चुकीचं आहे पण असंच चालतं. म्हणून ॲडव्हान्स ऐंशी टक्क्याच्या खाली घेऊन गाडी हलवू नका. हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) किती तासांनंतर चालू आणि दिवसाला किती, हे बिल्टीवर (माल भरल्याच्या पावतीवर) लिहून घ्या, फोनवरचं कुणी मानत नाही. दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत असं डिक्लेरेशन पॅनसकट दिलं की भाड्यातनं टीडीएस कापत नाहीत, हे बऱ्याच एका गाडीवाल्यांना माहितीच नसतं आणि पैसे अडकून पडतात. ई-वे बिलाला (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) 200 किमीला एक दिवस मिळतो, वाशीला दोन दिवस. घाटात अडकलात, गाडी बंद पडली तर लगेच ऑफिसला फोन करा, मुदत संपायच्या आधी आठ तास किंवा नंतर आठ तासात वाढवता येते, त्यानंतर दंडाचं लचांड मागं लागतं.

वाळवा_ऊसवाला
परतीचं भाडं नको, घरी जेवायला मिळतंय म्हणून लोकं ऊस वाहतुकीचा करार करतात. भावा, ऊसतोड टोळीची उचल (ॲडव्हान्स) आपल्या अंगावर असंल तर करू नको. कारखाना ॲडव्हान्स देतो तुझ्या नावावर, तू तो टोळीच्या मुकादमाला देणार, आणि सीझनच्या तोंडावर टोळी आली नाही की मुकादमाचा फोन बंद. कर्ज तुझंच राहतं. आमच्या भागात यापायी जमिनी विकलेली माणसं आहेत, पोलिसात गेलं तरी पैसे हाताला लागत नाहीत. नुसतं टनावर भाडं मिळत असंल, टोळी दुसऱ्याची असंल तर सीझनचे चार पाच महिने बघायला हरकत नाही.

कृष्णाकाठ_ड्रायव्हर
सगळ्यांचे आभार, टीडीएसचं खरंच माहिती नव्हतं. गाडी 2016 ची आहे, हप्ते चार वर्षांचे बसतायत.

तासगाव_दहाचाकी
2016 ची असेल तर आधी आरसी बघा. 2018 ला ॲक्सल लोडची मर्यादा वाढली आणि दहाचाकीचं मालासकट एकूण वजन 25 टनावरनं 28 च्या पुढं गेलं, पण तुमच्या आरसीवर 25 च असेल तर त्याच फेऱ्याला नव्या गाडीपेक्षा तीन टन कमी माल बसणार. भाडं टनावर मिळतंय, डिझेल टोल मात्र तेवढाच. ओव्हरलोड करून ते भरून काढू म्हणाल तर वजनकाट्यावर सापडलात की महिन्याची कमाई दंडात जाते. शिवाय आठ वर्षं झाली म्हणजे पासिंग (फिटनेस तपासणी) दरवर्षी, आणि दहाचाकीसारख्या मल्टी ॲक्सलला नॅशनल परमिट 15 वर्षांपर्यंतच, म्हणजे 2031. हप्ते त्याच्या आत संपतात हे चांगलं. मालकांना हे सगळं सांगून किंमत खाली आणा, आणि मागचे टायर गुळगुळीत असतील तर त्याचे पैसे वेगळे तोडा. आरसीवर काय लिहिलंय ते इथं टाका, मग महिन्याचा हिशोब बसून करू.